तारेची टोकं बाहेरच्या अंगाला

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून जे शेवटचं काम केलं, ते सशाच्या पिंजऱ्याचं होतं. मी बाहेरून पकडीनं तार पिळत होतो आणि बायको आत हात घालून जाळी चाचपत होती. टोचलं की म्हणायची, "हितं." मग मी ते टोक बाहेरच्या अंगाला वाकवायचो. पिंजऱ्याला कोपरे चार. तीन झाले होते. मागचा, भिंतीकडचा राहिला होता.

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "माझा हात भरून आला. उद्या सकाळी करू."

"एक कोपरा तर राहिला. दहा मिनिटांचं काम."

"तुमची दहा मिनिटं मला चाळीस वर्षांपासून माहीत हायत. चहा पायजे का न्हाई?"

चहा पाहिजे होता. मी पकड खाली ठेवली.

लोक मला विचारतात, शेवटी काय बोलली, काही सांगून गेली का. गेली ना. चहात साखर कमी पडली म्हणाली.

आता पिंजरा काहून करत होतो ते सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा-म्हातारीला दुसरं काम नव्हतं. नव्हतंच, पण ते कारण नाही.

माझं पंक्चरचं दुकान कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशिम रस्त्याला. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. शेजारी ढाबा, त्याच्यापलीकडं एसटीडीचा डबा. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि जायला सायकल नव्हती. पुढं जन्मभर दुसऱ्यांच्या सायकली दुरुस्त केल्या. ट्रकचे टायर पण उघडले, पण जीव सायकलीत.

ह्या धंद्यात दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली की पंक्चर जिथं असेल तिथं बुडबुडा येतो. पण काही भोकं इतकी बारीक असतात की बुडबुडा धरत नाहीत. मग मी ट्यूब गालाजवळ नेतो. हातांना घट्टे पडलेत, त्यांना विस्तव कळत नाही, तर वारा काय कळणार. गालाला कळतं. पंक्चरवाल्यानं दाढी वाढवू नये ती ह्यासाठी.

दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या ट्यूबची पट्टी. कात्रीनं बोटभर रुंद पट्टी कापायची, ताणून तीन वेढे द्यायचे आणि टोक खाली खोचायचं. जगात असं काही नाही जे ट्यूबच्या पट्टीनं बांधता येत नाही. माझ्या घरात बादलीचा कान पट्टीनं बांधलेला, पाण्याचा पाईप पट्टीनं बांधलेला, रेडिओ पट्टीनं बांधलेला. बायको म्हणायची, "एक दिवस मलाबी बांधून ठेवताल." मी म्हणायचो, तेवढी लांब ट्यूब ट्रकचीच लागंल. मग दोन दिवस भाजीत मीठ जास्त.

तर त्या काळात आमच्याकडं जोडधंद्याची साथ आली होती. कुणी सफेद मुसळी लावली, कुणी कोरफड. शाळेतल्या एका मास्तरांनी ससे आणले. ससे वाढवायचे आणि विकायचे. वाढले भरपूर. विकायची वेळ आली तेव्हा कळलं की आमच्या भागात ससा खायला कुणी तयार नाही. शेजारचा ढाबेवाला म्हणाला, "मास्तर, मी ताटात हे ठेवलं तर ड्रायव्हर लोक मांजर समजून मला मारतील." मास्तर ससे फुकट वाटायला निघाले. एक दिवस सायकलचं पंक्चर काढायला आले ते कॅरिअरला टोपली बांधूनच.

टोपलीत दोन ससे. पांढरे नाहीत, राखाडी. चुलीतली राख विझल्यावर जशी होते, वर करडी आणि आत निळसर, तसा रंग. फुंकर मारली की केसात भोवरा पडायचा.

"ही घूस हाय का?" मी विचारलं.

"घूस काय म्हणता काका! चिंचिला जात हाय ही. रशियातून आलेली."

बायको तोवर दारात येऊन उभी. म्हणाली, "रशियातून निघाले अन् आपल्या नाक्यावर उतरले? बस चुकली असंल बिचाऱ्यांची."

असं म्हणून तिनं टोपली उचलली आणि आत नेली. मला विचारलं नाही. आमची एकच पोरगी, ती वाशिमच्या पलीकडं दिलेली. तिचं लग्न झाल्यापासून घरात आम्ही दोघं आणि आमची भांडणं. मी म्हणालो, ठेव. भांडायला विषय मिळेल.

तिनं सशांची नावं ठेवली नाहीत. नराला पाव्हणा म्हणायची आणि मादीला पाव्हणी.

पहिला पिंजरा मी अर्ध्या दिवसात केला. त्याची मला लई घमेंड होती. औषध-बियाण्याच्या दुकानामागं फवाऱ्याच्या औषधाची रिकामी लाकडी खोकी पडलेली असायची, ती आणली. सायकलच्या चाकांच्या जुन्या आऱ्या उभ्या ठोकून गज केले. खालीही आऱ्याच टाकल्या, म्हणजे लेंड्या खाली पडाव्यात. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा तांबडा ऑइलपेंट एक गिऱ्हाईक दुकानात विसरून गेलं होतं, तो वरून मारला. आणि सगळे सांधे, बिजागऱ्या, दाराची कडी, सगळं ट्यूबच्या पट्टीनं. एक खिळा नाही. लांबून पाहिलं तर देवाच्या पालखीसारखा दिसायचा.

बायकोनं नाक लावलं. "वास येतो."

"पेंटचा. जाईल."

"पेंटचा न्हाई, खोक्याचा. कपाशीत फवारा मारल्यावर येतो तसला."

"खोकं हाय ते, बाटली न्हाई."

ती गप्प बसली. तिथं चुकलं. ती गप्प बसली की मला वाटायचं मी जिंकलो.

आठ-दहा दिवसांनी पाव्हणी खाईना. कोपऱ्यात पोट धरून बसल्यासारखी बसायची आणि दात वाजवायची. आम्ही तिला पिशवीत घालून एसटीनं हिंगोलीला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. बसमध्ये एक बाई म्हणाली, "आजी, पिशवीत काय हाय, हलून राहिलंय?" बायको म्हणाली, "लेकरू हाय." त्या बाईनं जागा दिली. पिशवीत डोकावली आणि पुन्हा उठवलं नाही, हे तिचे उपकार.

डॉक्टरनं पोट दाबून बघितलं. "काय खाल्लंय हिनं?"

"लसूणघास खाते. कोथिंबीर. गाजर."

"पिंजऱ्यात काय हाय?"

मी सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच सांगितलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं ऐकता ऐकता पेन खाली ठेवलं. म्हणाला, "काका, सशाचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. त्यामुळं तो दिसेल ते कुरतडतो. आवडतं म्हणून न्हाई, दात झिजवायला. तुमी त्याला पिंजरा दिला म्हणजे जेवायला ताट दिलं असं समजा. रबर आतड्यात फुगून बसलंय. औषध देतो, पण उशीर झाला."

येताना नाक्याच्या अलीकडंच पाव्हणी गेली. बायकोच्या पदरात.  घरी आल्यावर बायको पिंजऱ्यापाशी बसली आणि एकेक पट्टी सोडायला लागली. एक पट्टी अर्धीच निघाली. कडा दातांनी करवतल्यासारखी. ती तिनं माझ्या हातावर ठेवली.

"ही तुमची पट्टी," एवढंच म्हणाली.

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी जन्मभर ज्या पट्टीनं सगळं जोडलं, त्या पट्टीनं एक मुकं जनावर मारलं. लिंबाच्या झाडाखाली मी खड्डा केला. तो पिंजरा मी त्याच दिवशी तोडला आणि खोकी जाळायला घेतली तर बायकोनं अडवलं. म्हणाली, धूर बी विषारीच निघंल, मातीत पुरा.

पाव्हण्याला तिनं कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवलं. पण डालगं म्हणजे घर नव्हे. नाक्यावर कुत्री उदंड. शिवाय ससा बांबू कुरतडून रोज एक भोक पाडायचा आणि ती रोज ते भोक वीट लावून बुजवायची. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "एक तुमच्या हातानं गेली. हा जाता कामा नये. पिंजरा पुन्हा करा. पण ह्या बारीला सामान मी निवडणार. तुमी फक्त हात चालवा."

 मी हो म्हणालो.

तिची तपासणी तीन प्रकारची होती. आधी नाक. मग शेजारच्या ढाब्यामागची शेळी. शेळी ज्या झाडाला तोंड लावत नाही ते लाकूड बाद. आणि शेवटी दात. माझे दात तंबाखूनं कधीच नेले, पण तिचे साठीतही असे होते की सुपारी कडकन फोडायची. ती म्हणायची, "जे मी थुकून टाकते ते त्याला द्यायचं न्हाई."

मी दाराला खुंटी म्हणून कुंपणातली एक सरळ काडी तासून आणली. तिनं वास घ्यायला नाकाशी नेली आणि फेकली.

"कण्हेर हाय ती!"

"सरळ होती म्हणून..."

"साप सरळ चालत असता तर तुमी त्याचीबी खुंटी केली असती!"

शेळीला विचारायची गरज पडली नाही.

मग आम्ही सुताराकडं गेलो. सुतार माझा जुना दोस्त, त्याची सायकल मी फुकट करायचो. त्यानं चकचकीत प्लायवूडचा तुकडा काढला. "वहिनी, हे घ्या. हलकं, सपाट, किडत न्हाई."

"किडत काहून न्हाई?"

"औषध असतं त्यात. अन् डिंक."

"किडा ज्याला तोंड लावत न्हाई त्याला ससा तोंड लावून काय करंल?"

सुतार माझ्याकडं बघायला लागला. मी आभाळाकडं बघितलं. मग त्यानं सागाची फळी काढली, ती पॉलिश केलेली निघाली. मग एक आंब्याची कोरी फळी. बायकोनं ती उचलली, कडेला तोंड लावलं आणि खरोखर चावली. बाहेर बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनी बिडी विझवली.

सुतार म्हणाला, "आजपतोर लई गिऱ्हाइकं पायली. ठोकून घेणारी पायली, मोजून घेणारी पायली. चावून घेणारं पयलंच."

"ही बराबर हाय," बायको भुशाचा कण थुंकत म्हणाली. "गोडसर लागती. खाली अंथरायला ही."

खाली आऱ्या नकोत हेही तिचंच. पहिल्या पिंजऱ्यात पाव्हण्याच्या मागच्या पायांचे तळवे लाल झाले होते. तिनं मला दुकानात उकिडवं बसवलं, तळपायाखाली चार आऱ्या ठेवल्या आणि स्वतः चहा करायला गेली. चहा येईपर्यंत मला मुद्दा समजला.

फळी मिळाली, पण उभा सांगाडा कशाचा करायचा? आंब्याचं लाकूड चार दिवसांत कुरतडून खलास झालं असतं. टणक पाहिजे, जुनं पाहिजे, कधी रंग न लागलेलं पाहिजे. मी गावभर फिरलो. कुणाच्या वखराचं मोडकं लाकूड मिळालं तर त्याला ग्रीस. कुणाच्या दाराची चौकट मिळाली तर तिला डांबर. माझ्या दुकानाबद्दल तर बोलायलाच नको. तिथं बसून मी चाळीस वर्षं पोट भरलं आणि त्या दुकानात एक वस्तू अशी नव्हती जी सशाच्या तोंडात गेली तर चालेल. ऑइल, ग्रीस, सोल्यूशन, टायर, बॅटरीचं पाणी. हे मला पहिल्यांदा दिसलं.

संध्याकाळी मी हात हलवत परत आलो. बायको बाजेवर बसून मेथी निवडत होती. मी सांगितलं, कुठं काही मिळत नाही. ती उठली, बाजेकडं बघितलं, आणि म्हणाली, "ही घ्या."

"काय घ्या?"

"बाज. बाभळीची हाय. कधी रंग लावला का तुमी? उभ्या जन्मात तेलाचं बोट लावलं न्हाई."

"अगं पण ही लग्नातली..."

"मग काय झालं? बाभूळ शेळी खाते. अन् हे बघा." तिनं मला खाली वाकायला लावलं. उशाकडच्या पायावर, वीतभर उंचीवर, बारीक बारीक खड्डे होते. जवळजवळ, चंद्रकोरीसारखे. मी रोज त्या बाजेवर झोपत होतो, पण मला ते कधी दिसले नव्हते.

"पोरीला दात आले तवा ती ह्याच्यापाशी बसून दिवसभर चघळायची. तिला काय झालं का? चांगली दोन लेकरांची आई हाय."

 तरी मी विचारलं. "मग आपुन झोपायचं कुठं?"

"खाली. पाव्हणा वर झोपंल. पाव्हण्याला खाली झोपवायची रीत हाय का आपल्याकडं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बाज सोडली. दोऱ्या तिनं गुंडाळून माळ्यावर टाकल्या, कारण दोऱ्याचा धागा पोटात गेला तरी तीच गत, असं तिचं म्हणणं. सुतारानं बाजेच्या दांड्या आणि पाय कापून सांगाडा जोडला. खिळा नाही, डिंक नाही, लाकडाच्याच खुंट्या. जुन्या बाभळीत भोक पाडताना त्याचे दोन गिरमिट मोडले. तो म्हणाला, "वहिनी, ह्याला चावून बघा." ती म्हणाली, "ह्याचं चावून झालंय."

जाळी सेनगावच्या बाजारातून आणली. जस्ताची, चौकोनी भोकांची, बोट जाईल पण मुंगसाचं डोकं जाणार नाही अशी. नवी कोरी होती, चमकत होती, आणि हाताला पांढरी भुकटी लागत होती. मी म्हणालो, नव्याला असतंच. तिनं बोट चाटलं, तोंड वाकडं केलं आणि चूळ भरली. मग घमेल्यात चिंच भिजवली. माझ्या पंक्चरच्या घमेल्यात नाही, ते तिनं हातसुद्धा लावू दिलं नाही. तांब्या-पितळेची भांडी घासतात तशी ती सगळी जाळी तिनं चिंचेच्या कोळानं घासली, वरून पाण्यानं धुतली, उन्हात टाकली, पुन्हा घासली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. एक जीपवाला म्हणाला, "काकू, जाळीची आमटी करून राहिल्या का?"

"व्हय. ये जेवायला," ती म्हणाली.

छपराला मी पत्रा काढला होता. तिनं पत्र्यावर हात ठेवला, भर उन्हात ठेवला आणि काढला. पत्रा बाद. छप्पर तुराट्यांचं करायचं ठरलं. तुराट्या म्हणजे तुरीची वाळलेली काडकं, आमच्याकडं प्रत्येक शेताच्या बांधाला ढीग. पण तिनं तिथंही विचारत फिरायला लावलं. तुमच्या तुरीला फवारा मारला होता का? किती बारी? शेतकरी मला वेड्यात काढायचे. शेवटी एका म्हातारीच्या अर्ध्या एकरातली तूर सापडली. तिच्याकडं पंपच नव्हता, म्हणून फवारा नव्हता. त्या तुराट्या मी डोक्यावर आणल्या.

मग राहिलं बांधायचं. जाळी बाभळीला कशानं धरायची? मी सवयीनं दुकानात गेलो आणि कात्री हातात घेतली. कात्री हातात घेऊन उभा राहिलो. मग खाली ठेवली आणि तार घेतली.

तारेचा नियम तिनं असा घातला, की आतल्या अंगाला एक टोक येता कामा नये. ससा अंग घासतो, तोंड घासतो, डोळ्यात जाईल. सगळी टोकं बाहेर. मी पिळायचो, वाकवायचो, आणि ती आतून हात फिरवायची. माझ्या हाताला टोचलेलं कळत नाही, म्हणून हात तिचा. तिचे हात काही राणीचे नव्हते, भांडी घासलेले, शेतात निंदणं केलेलेच होते. पण कळायचं तिला. पहिल्या कोपऱ्यात सात ठिकाणी "हितं" म्हणाली. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात एकदाच. म्हणाली, "शिकले वाटतं."

आणि मग चौथ्या कोपऱ्यापाशी तिचा हात भरून आला. मला वाटलं, वाकून वाकून आला असेल.

चहा पिऊन झाला. तिनं कप विसळले. दिवे लागायच्या वेळी भिंतीला टेकून बसली, पाव्हण्याला मांडीवर घेऊन, आणि कपाळ धरलं; गरगरत होतं तिला. मी पाणी आणायला गेलो. पाणी घेऊन आलो तर पाव्हणा तिच्या मांडीवरून उतरून माझ्या पायाशी आला होता. एवढ्यातच सगळं झालं होतं. ढाबेवाला धावत आला, कुणी जीप थांबवली, पण जीपमध्ये घालायला कुणाला घाई राहिली नाही.

एसटीडीच्या डब्यातून पोरीला फोन गेला. ती सकाळी पहिल्या गाडीनं येणार होती. तिच्यासाठी थांबायचं ठरलं. बायकोला खाली घोंगडीवर ठेवलं. कुणीतरी विचारलं, बाज कुठंय. मग त्याला आठवलं की मेलेल्या माणसाला खालीच ठेवतात.

सकाळी उजाडलं तेव्हा घर भरलेलं होतं. बाया आत, माणसं रस्त्यावर. बाहेर तिरडी बांधायला घेतली होती. एक जण माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "काका, दोन-चार ट्यूबच्या पट्ट्या द्या. बांबू सुटून राहिलाय."

"पट्टी न्हाई," मी म्हणालो. "सुतळीनं बांधा. सुतळीनंच."

तो चमकला. नाक्यावर पट्टी कुणाला नाकारली असं कधी झालं नव्हतं.

मी कोपऱ्यात बसून होतो. समोर डालगं. त्याखाली पाव्हणा, रात्रभर उपाशी. एक लेकरू धावताना डालग्याला अडखळलं, डालगं कलंडलं, मी पटकन धरलं. दारात दोन कुत्री बसलेलीच होती. तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. आता तेरा दिवस हे घर असंच भरलेलं राहणार. येणारे येतील, जाणारे जातील, दार कुणी लावणार नाही. डालग्यात हा दोन दिवसही टिकायचा नाही. एक माझ्या हातानं गेली होती. हा जाता कामा नये, असं ती म्हणाली होती.

मी उठलो, पकड घेतली आणि मागच्या अंगणात पिंजऱ्यापाशी जाऊन बसलो.

टोकं वाकवायला दहा मिनिटंच लागली. तिला सांगायला पाहिजे होतं, खरंच दहा मिनिटं लागली. पण आता आतून बघायचं कुणी? मी हात घातला, वरून खाली फिरवला. काही कळलं नाही. लाकूड काय आणि जाळी काय, माझ्या हाताला सगळं सारखंच. कुणाला बोलवावं असं एकदा वाटलं. आत बाया रडत होत्या. कुणाला म्हणणार, बाई, जरा इकडं येऊन हात घाला.

मग मी दार उघडलं, गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं. खांद्यापर्यंत आत गेलो. तुराट्यांचा वास येत होता, आणि चिंचेचा थोडा. मागच्या कोपऱ्यापर्यंत तोंड नेलं आणि गाल जाळीला लावला. ट्यूबला लावतो तसा. डोळे मिटले आणि हळूहळू वरून खाली आलो. एक बोट, दोन बोटं. निम्म्यावर आलो तेव्हा टोचलं.

हितं.

डोकं बाहेर काढलं. मागं माणसं उभी होती. ढाबेवाला, सुतार, आणखी चार-पाच जण. सुतारानं टोपी काढून हातात घेतली होती. कुणीतरी म्हणालं, म्हातारा गेला कामातून. मी बाहेरून जाऊन ते टोक वाकवलं, पकडीनं दाबलं, आणि पुन्हा डोकं आत घालून गाल फिरवला. वरपासून खालपर्यंत. आता नव्हतं काही.

तेवढ्यात पोरगी आली. रडत रडत आतून मागं आली, मला धरलं, आणि मग थांबली.

"बाबा, गालाला रक्त काहून?"

"तार होती एक."

तिनं पदरानं गाल पुसला. मग तिचं लक्ष पिंजऱ्याकडं गेलं. म्हणाली, "ही बाज हाय का आपली?"

"व्हय. तुझ्या आईनं दिली."

तिला आणखी काही विचारायचं होतं, पण बाहेरून हाक आली, उशीर होतोय, चला. मी म्हणालो, आलोच. पाव्हण्याला डालग्याखालून काढलं, पिंजऱ्यात सोडलं, मूठभर घास टाकला. तो एकदा सगळीकडं फिरला, चारी कोपरे हुंगले आणि उशाकडच्या पायाला तोंड लावलं. मी दाराची खुंटी बसवली, ओढून बघितली, हात धुतले आणि मडकं धरायला बाहेर आलो.